हामुराबीचे पाठभेद

संगणकाची आज्ञावली ही 'संहिता' आहे काय, हा प्रश्न आपल्या मराठी विभागांतून सहसा विचारला जात नाही. विचारलाच तर उत्तर नकारार्थी येते आणि त्यामागचे कारणही ठरलेले असते: आज्ञावली वाचायची नसते, चालवायची असते; ती चालली की तिचे काम संपले. हे कारण मला पटत नाही. नाटकाची संहिताही प्रयोगासाठीच असते, म्हणून ती वाचू नये असे कोणी म्हणत नाही. पण हा वाद तात्त्विक पातळीवर घालण्यापेक्षा एक प्रत्यक्ष उदाहरण घेणे बरे. जुन्या 'बेसिक' भाषेतील आज्ञावल्या, आजच्या काळात मुद्दाम जुन्या धर्तीवर घडवलेल्या संगणकांवर चालवण्याचा उद्योग गेली काही वर्षे अनेक देशांतील हौशी मंडळी करीत आहेत. त्याला ते रूपांतर म्हणतात. माझे म्हणणे असे की, हे काम यंत्रविद्येइतकेच पाठचिकित्सेचे आणि अनुवादाचे आहे. आणि ते तसे आहे हे न ओळखल्यामुळे त्यात काही गोष्टी गुपचूप हरवत आहेत.

बेसिकचा जन्म १९६४ चा. अमेरिकेतील डार्टमथ कॉलेजात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ या गणिताच्या दोन प्राध्यापकांनी, विज्ञानशाखेबाहेरच्या विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा म्हणून ती रचली. शब्द मोजके, प्रत्येक ओळीला क्रमांक, आणि चुकले तर तीच ओळ पुन्हा लिहायची मुभा. पण सोपी भाषा झपाट्याने पसरते आणि पसरली की फुटते. सत्तरच्या दशकात घरगुती संगणक आले तशी बेसिकचीही अनेक रूपे झाली. मायक्रोसॉफ्टची एक, तिच्यावरूनच निघालेली कोमोडोरची दुसरी, सिंक्लेअरची आणखी वेगळी, आणि १९८१ साली एकॉर्न कंपनीत सोफी विल्सन यांनी सिद्ध केलेली बीबीसी बेसिक ही त्याहून निराळ्या वळणाची. (ही शेवटची भारतात अगदीच अनोळखी नव्हती. १९८४ साली केंद्र सरकारने शाळांसाठी सुरू केलेल्या 'क्लास' प्रकल्पात बीबीसी मायक्रो हेच संगणक दिले गेले होते.) या साऱ्यांचा सांगाडा एक, फरक बोलीबोलींत असतो तसा. एकमेकांचे बोलणे कळते, आणि कळते आहे असे वाटत असतानाच घोटाळा होतो.

ज्या यंत्राविषयी मी लिहितो आहे त्याचे नाव 'अगॉन लाइट'. २०२२ साली ते बर्नार्डो कास्ट्रुप यांनी तयार केले. हे गृहस्थ संगणक-अभियंते आहेत तसेच तत्त्वज्ञही आहेत. जग मूलतः चैतन्यस्वरूप आहे असे प्रतिपादन करणारी त्यांची पुस्तके तत्त्वज्ञानाच्या वाचकांना ठाऊक असतील. चिद्वादी माणसाने फावल्या वेळात जुन्या वळणाचे यंत्र घडवावे, ही गोष्ट मला उगाचच आवडते. अगॉनचा मुख्य प्रोसेसर जुन्या झेड-८० च्या घराण्यातला आहे, त्याची गती सुमारे १८ मेगाहर्ट्झ आणि स्मृती ५१२ किलोबाइट. आजच्या मोबाइलपुढे हे काहीच नाही; १९७८ च्या घरगुती संगणकापुढे मात्र चैन आहे. त्यावर चालते ती बीबीसी बेसिक. याउलट जुन्या आज्ञावल्यांचा जो मोठा छापील साठा आहे तो मायक्रोसॉफ्टच्या बोलीत आहे. म्हणजे रूपांतर आले.

तो साठा डेव्हिड आल यांचा. डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीत असताना १९७३ साली त्यांनी बेसिकमधील १०१ खेळांचे पुस्तक काढले आणि १९७८ साली घरगुती संगणकांसाठी त्याची सुधारलेली आवृत्ती. तिच्या दहा लाखांहून अधिक प्रती खपल्याचे सांगितले जाते. त्या काळी आज्ञावल्या पुस्तकातून पाहून एकेक अक्षर कळफलकावर उतरवाव्या लागत. म्हणजे वाचक हा नक्कलकारही होता, आणि नक्कल करताना जे होते ते सर्व इथेही झाले: ओळी गळल्या, अंक बदलले, आपल्या यंत्राला रुचेल असे शब्द घातले गेले. २०२२ साली आल यांनी आपले हे लेखन सार्वजनिक मालकीचे म्हणून खुले केले, त्यामुळे आता रूपांतराला कायद्याची आडकाठी उरलेली नाही.

या पुस्तकातला 'हामुराबी' हा खेळ मी उदाहरणादाखल घेतो. इतिहासातला राजा हम्मुराबी. त्याच्या इंग्रजी नावातला एक 'एम' खेळाच्या नावात गळाला आहे. तो राजा बाबिलोनचा, खेळ मात्र त्याला सुमेरवर बसवतो. दहा वर्षे राज्य करायचे. आरंभी प्रजा १००, जमीन १००० एकर, कोठारात धान्य २८०० बुशेल. दरवर्षी कारभारी अहवाल देतो: किती उपाशी मेले, किती नवे आले, एकरी किती पिकले, उंदरांनी किती खाल्ले. मग राजाने ठरवायचे, जमीन किती घ्यायची, लोकांना किती धान्य द्यायचे, किती एकर पेरायचे. माणशी वीस बुशेल लागतात. एका वर्षात शेकडा पंचेचाळीसहून अधिक लोक मेले तर राजावर महाभियोग. प्राचीन सुमेरमध्ये महाभियोग कुठला, असे कोणी विचारू नये. शेवटी राजाची तुलना नीरो आणि रशियाचा चौथा इव्हान यांच्याशी, किंवा कारभार चांगला झाला तर शार्लमेन, डिझरायली व जेफर्सन यांच्याशी होते. हे कालविपर्यास खेळाच्या स्वभावाचेच भाग आहेत.

पण 'मूळ हामुराबी' म्हणून ज्याकडे बोट दाखवावे असे काही आहे का? १९७८ च्या छापील संहितेमागे १९७३ ची आहे. त्यामागे १९६८ साली डग डायमेंट यांनी फोकल नावाच्या दुसऱ्याच भाषेत लिहिलेला सुमेरचा खेळ आहे. आणि त्याच्याही मागे, १९६४ पासून न्यूयॉर्क राज्यात आकाराला आलेला 'द सुमेरियन गेम' आहे, जो मेबल ॲडिस या प्राथमिक शिक्षिकेने सहावीच्या वयाच्या मुलांना प्राचीन अर्थव्यवस्था कळावी म्हणून कल्पिला आणि विल्यम मॅके यांनी आयबीएमच्या मोठ्या संगणकावर उतरवला. डायमेंटना त्या खेळाची केवळ माहिती मिळाली होती. त्यावरून त्यांनी आपला रचला. ॲडिस यांच्या खेळाची मूळ आज्ञावली आज हरवलेली आहे. तेव्हा आपल्यासमोर आहे ती श्रुतावरून रचलेल्या ग्रंथाच्या भाषांतराची सुधारलेली प्रत. ज्याला प्राचीन वाङ्मयाचा थोडाही परिचय आहे त्याला ही परंपरा ओळखीची वाटेल. आज अगॉनवर हामुराबी आणणारा माणूस या रांगेत आणखी एक नक्कलकार म्हणून उभा राहतो, त्याला ते माहीत असो वा नसो.

आता प्रत्यक्ष अडचणी पाहू. छापील संहिता जशीच्या तशी अगॉनवर उतरवली तर ती बव्हंशी चालते. तक्रार होत नाही. आणि खरी मौज, किंवा खरा धोका, इथेच आहे.

पहिली गोष्ट किरकोळ, पण बोलकी. मायक्रोसॉफ्टच्या बोलीत धन संख्या छापली की तिच्या आधी एक आणि नंतर एक अशी मोकळी जागा आपोआप सुटते. त्यामुळे १९७८ च्या लेखकाने वाक्यात संख्या जिथे येते तिथे स्वतःहून जागा बहुधा सोडली नाही. ते काम भाषेवर सोपवले. बीबीसी बेसिकमध्ये अर्धविरामानंतरची संख्या आधीच्या शब्दाला थेट चिकटते. परिणामी कारभाऱ्याचा अहवाल मोडी कागदासारखा सलग दिसू लागतो. शब्द आणि आकडे यांच्यामधली फट नाहीशी होते. संहितेत नसलेली, तरी वाचकाला दिसणारी अशी ती जागा होती. ती राखायची तर रूपांतरकाराला ती लिहावी लागते. मुळात जे अध्याहृत होते ते अनुवादात उघड करावे लागते, हे आपण वर्गात शिकवतोच.

दुसरी गोष्ट किरकोळ नाही. लोकांना किती बुशेल द्यायचे, या प्रश्नाला खेळणाऱ्याने अंकांऐवजी अक्षरांत 'दोन हजार' असे लिहिले, तर मायक्रोसॉफ्टची बोली ते नाकारते आणि पुन्हा विचारते. बीबीसी बेसिक पुन्हा विचारीत नाही. तिला अंक सापडला नाही तर ती शून्य धरते. शून्य हे या प्रश्नाचे वैध उत्तर आहे, निर्दय राजाला ती मोकळीक आहेच. त्यामुळे आज्ञावली पुढे जाते, वर्ष संपते, शंभरच्या शंभर माणसे उपाशी मरतात आणि राजाची पहिल्याच वर्षी उचलबांगडी होते. शून्याऐवजी इंग्रजी 'ओ' हे अक्षर दाबले गेले, तर दोन हजाराचे दोन बुशेल होतात आणि परिणाम तोच. एकही ओळ चुकलेली नाही, एकही शब्द बदललेला नाही. तरी संहितेने कधी न सांगितलेली गोष्ट घडली. जुन्या प्रयोगात राजा आणि त्याची प्रजा यांच्यामध्ये 'पुन्हा सांगा' म्हणणारी एक पायरी होती. ती आल यांनी लिहिलेली नव्हती, भाषेच्या व्याकरणात होती. पण खेळाच्या अनुभवात ती होतीच. ती परत आणायची तर उत्तर आधी शब्द म्हणून घ्यावे लागते, ते अंकच आहे का हे तपासावे लागते आणि नसल्यास प्रश्न पुन्हा विचारावा लागतो. चार-पाच नव्या ओळी होतात. शब्दशः नकलेचा आग्रह धरणाऱ्यांना ही भर खुपते. मला ती अपरिहार्य वाटते.

यादृच्छिक अंकाचेही असेच. हामुराबीपुरते बीबीसी बेसिक आणि मायक्रोसॉफ्ट यांचे सुदैवाने जुळते, म्हणून ते सोडून देतो. पण त्याच फलनाला कंसात शून्य दिले तर कोमोडोर घड्याळावरून नवा अंक काढतो आणि बीबीसी बेसिक आधीचाच अंक पुन्हा देते. एकाच्या घरी फासा पडतो, दुसऱ्याच्या घरी तो जमिनीला चिकटतो.

वेगाचा प्रश्न मला अधिक विचार करायला लावतो. त्या काळच्या अनेक आज्ञावल्यांत रिकामे आवर्तन असते: एकपासून हजारापर्यंत मोज, दुसरे काही करू नको. याचा अर्थ 'क्षणभर थांब' एवढाच. १९७८ च्या यंत्रावर ते मोजायला जेवढा वेळ लागे, तेवढा अगॉनवर लागत नाही. विराम लिहिलेला असतो पण ऐकू येत नाही. तिथे मोजणे काढून घड्याळाचा विराम घालणे हेच योग्य, आणि बीबीसी बेसिकमध्ये सेकंदाच्या शंभराव्या भागांत चालणारे घड्याळ हाताशी आहेच. याउलट हामुराबीत असे आवर्तन नाही. तिथे जी संथगती होती ती टेलिटाइपची, सेकंदाला दहा अक्षरे या वेगाने कागदावर उमटणारी. किती माणसे मेली हा आकडा राजापुढे हळूहळू टंकत येई. काही रूपांतरकार ती संथगतीही कृत्रिमरीत्या घडवतात. मला ते मान्य नाही. लेखकाने लिहिलेला विराम आणि यंत्राची दमछाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली संहितेची, दुसरी कागद-शाईसारखी त्या वेळच्या साधनाची. पोथी छापताना बोरूचे फराटे कोणी छापीत नाही. आणि पुन्हा सांगा म्हणणारी पायरी राखावी असे मी म्हणतो तेव्हा मी स्वतःशीच विसंगत बोलत नाही काय? थोडासा बोलतो. पण ती पायरी काढली तर खेळाचा निकाल बदलतो, टेलिटाइप काढल्याने बदलत नाही. माझी रेघ तिथे आहे.

नावांचा प्रश्न साहित्याच्या विद्यार्थ्याला सर्वांत मोहात पाडणारा. हामुराबीतली बहुतेक चलनामे एकाक्षरी आहेत आणि एकेका अक्षराला अनेक अर्थ आहेत. 'वाय' हे कधी एकरी उत्पन्न असते, कधी जमिनीचा भाव. 'सी' हे आधी भाव ठरवताना येते, मग पीक, उंदीर आणि जन्म यांच्यासाठी फासा म्हणून, आणि शेवटी पोटभर जेवलेल्यांची संख्या म्हणून. लोकांना दिलेले धान्य 'क्यू' या अक्षरात असते आणि क्षणात तेच अक्षर साथ आली की नाही याची खूण होते. 'डी' म्हणजे पेरलेले एकर. वर्ष सरता सरता त्याच 'डी'मध्ये उपाशी मेलेल्यांचा आकडा भरला जातो. इथे एखाद्या समीक्षकाला रूपक दिसू लागेल, पेरणी आणि मृत्यू एकाच भांड्यात वगैरे. दिसू द्यावे, पण लेखकाच्या माथी मारू नये. हा श्लेष नाही, काटकसर आहे. त्या यंत्रांना स्मृती काही किलोबाइटच असे.

बीबीसी बेसिकमध्ये लांब नावे देता येतात. म्हणून बहुतेक रूपांतरकार 'डी'ची दोन स्वच्छ नावे करतात. विद्यार्थ्यांना कळावे हा हेतू चांगलाच आहे, आणि आमच्या संगणक विभागातील एका सहकाऱ्यांचे मत ठामपणे याच बाजूचे आहे. पण नावे बदलली की ज्या अडचणीतून ती आज्ञावली लिहिली गेली ती अडचण वाचकाच्या नजरेआड होते. अर्थ हवा तर टीप द्यावी. दुर्बोध शब्दाला कोश असतो, म्हणून कोणी मूळ शब्द खोडून कोशातला अर्थ ओवीत बसवीत नाही.

आणि शेवटी साथ. संहितेत एका टीप-ओळीवर लिहिले आहे की साथीची शक्यता शेकडा पंधरा. आता पुढची ओळ पाहू. शून्य ते एक यांमधला यादृच्छिक अंक दुप्पट करायचा, त्यातून ०.३ वजा करायचे, दहाने गुणायचे आणि खालचा पूर्णांक घ्यायचा. उत्तर शून्याहून मोठे असेल तरच साथ टळते. उत्तर ऋण येण्याची शक्यता शेकडा पंधरा आहे हे खरे. पण ते नेमके शून्य येण्याची शक्यता आणखी पाच आहे, आणि शून्यालाही साथ येते. एकूण वीस. टीप एक सांगते, आज्ञा दुसरेच करते. ही चूक दुरुस्त करायची का?

दुरुस्त करावी म्हणणारे लेखकाच्या हेतूचा आधार घेतात, आणि हेतू इथे चक्क लिहून ठेवलेला आहे, असे साहित्यात क्वचितच घडते. आपल्याकडे या प्रश्नाची दोन मोठी उदाहरणे आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली, लेखनिकांच्या हातून शिरलेले पाठ काढले आणि यापुढे कोणी त्यात आपले घालू नये असे बजावले. १९०९ साली राजवाड्यांनी जी प्रत छापली ती नाथपूर्व मानून, म्हणजे शुद्धीच्याही मागे जाण्याच्या इच्छेने. दोघांचाही शोध मूळ पाठाचाच. हामुराबीच्या बाबतीत मी असे म्हणेन की, १९७८ पासून ज्यांनी तो खेळला त्यांच्या राज्यात साथ शेकडा वीसच्या हिशेबाने आली. त्यांचे अर्धे अर्धे नगर त्याच हिशेबाने ओस पडले. तो पाठ रूढ आहे. टीपही रूढ आहे, चुकीसकट. दोन्ही ठेवावेत आणि विसंगती दाखवून द्यावी.

हे सारे आज निकडीने म्हणावेसे वाटते याचे कारण, रूपांतर आता माणूस करीलच असे नाही. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साधनाला छापील संहिता दिली की काही सेकंदांत दुसऱ्या बोलीतली चालती प्रत हाती येते. ती बहुधा नीटनेटकी असते: नावे स्वच्छ, साथ पंधरावर आणलेली, महाभियोगाच्या जागी एखादे वेळी सौम्य शब्दही. काय बदलले हे विचारल्याशिवाय कळत नाही, आणि चालणाऱ्या प्रतीला कोणी विचारीत नाही. अशा प्रती सहज वाढतात. पुढचा नक्कलकार त्यांच्यावरूनच नक्कल करतो. ॲडिस यांची संहिता हरवली ती कागद जपला गेला नाही म्हणून. इथे कागद जपलेला असतानाच पाठ बदलण्याची सोय झाली आहे.

मराठीत हामुराबी आणावा काय, असे एका विद्यार्थिनीने विचारले होते. आणावा. बुशेलला पायली म्हणायचे की खंडी, हा वाद रंगेल. अगॉनच्या आठ बाय आठ ठिपक्यांच्या चौकोनात जोडाक्षर बसवणे हेही एक दिव्य आहे. पण खरी अडचण क्रियापदाची. इंग्रजी कारभारी एक मेला तरी अनेकवचनच वापरतो आणि ते खपून जाते. मराठीत 'एक माणूस मेला' आणि 'पाच माणसे मेली' यांसाठी आज्ञावलीला वाट फोडावी लागेल, शून्यासाठी तिसरी. त्या ओळी नव्याने लिहाव्या लागतील, आणि त्या आपल्या आहेत हे सांगावेही लागेल.

जागेची अडचण नाही. बेसिकमध्ये ओळींचे क्रमांक बहुधा दहादहाच्या अंतराने देतात, मागाहून काही घालायचे झाल्यास फट राहावी म्हणून. हामुराबीची संहिता दहाव्या ओळीपासून सुरू होते. तिच्या आधी एक ते नऊ हे क्रमांक मोकळे आहेत. कोणत्या छापील प्रतीवरून उतरवले, कोणत्या बोलीत आणले, कोणत्या ओळी घातल्या आणि साथ वीसवरच का ठेवली, एवढे लिहायला नऊ ओळी पुरतात.